बदलीची हाक

कुत्रा दुसऱ्याच्या घरी द्यायचं पक्कं झालं, तेव्हा कुमुदिनीने आदल्या दिवशी त्याला ऊन पाण्याने अंघोळ घातली आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्याने खसाखसा पुसलं. सासरी निघालेल्या मुलीचे लाड करावेत तसे आपण कुत्र्याचे करतोय, हे लक्षात येऊन ती एकटीच हसली. तिची मुलगी मंजिरी आरशासमोर वेणी घालत होती, ती काही हसली नाही.

"आई, उद्या त्याला परत घेऊन नको येऊ हां," ती म्हणाली. "मागच्या बारीलाही तू त्या संस्थेच्या गेटवरून वापस आली होतीस."

कुत्र्याचं नाव बदली. ह्या नावाचा लोक हमखास घोटाळा करत. बँकेत-बिंकेत असणाऱ्यांना वाटे, घरच्यांची कुठेतरी बदली झाली तेव्हाचा हा असणार. हिंदी बोलणाऱ्यांना वाटे, अंगाने ढगासारखा करडा म्हणून बदली, आणि मग चांगल्या दांडग्या कुत्र्याला ते बिनदिक्कत 'ती' करून टाकत. मिलच्या माणसाला मात्र काही सांगावं लागत नसे. मिलमध्ये कायमचे कामगार वेगळे आणि बदलीवाले वेगळे. बदलीवाल्यांनी रोज सकाळी फाटकाशी येऊन उभं राहायचं. कायमचा कुणी आजारी पडला, कुणाच्या घरी लग्नकार्य निघालं, की आतून जॉबर, म्हणजे मुकादम, ओरडायचा, "बदली!" ज्याचा हात आधी वर दिसेल तो आत, बाकीच्यांनी घरचा रस्ता धरायचा. मंजिरीच्या बाबांचं सगळं उमेदीचं वय असं हात वर करण्यात गेलं. लवकरच कायम होणार, असं लग्नाच्या बोलणीत सांगितलं होतं. मंजिरी कॉलेजात गेली तरी ते होणारच होते. त्याच फाटकाशी एक करडं पिल्लू रोज सकाळी येऊन बसे आणि चौकीदार रोज त्याला हुसकून लावी. "हा पण आपल्यातलाच निघाला भिया," असं म्हणून माणसांनी त्याचं बारसं केलं.

मग मिल बंद झाली. एका दिवसात नाही. आधी रात्रपाळी गेली, मग बिल भरलं नाही म्हणून वीज गेली, आणि एका सकाळी फाटकाला कुलूप आणि कुलपाला लाख दिसली. पेपरात तेव्हा रोज यायचं की देश खुला होतोय. कुणासाठी खुला होत होता देव जाणे, मिल-एरियात तर दुकानांची शटर पडत चालली होती. मंजिरीचे बाबा त्या पिल्लाला घरी घेऊन आले. सकाळी निघायची सवय त्यांना सुटली नाही. "बघून येतो," म्हणायचे. कधी पालद्याच्या कारखान्यांकडे जायचे, कधी सांवेर रोडच्या, संध्याकाळी परत यायचे. दुसऱ्या वर्षी पौषात असंच "बघून येतो" म्हणून गेले, ते आलेच नाहीत. बदली त्यांना कोपऱ्यापर्यंत पोचवायला गेला होता. तो एकटाच परतला आणि उंबऱ्याशी बसून राहिला.

पोलीस झाले, ज्योतिषी झाले, खजराण्याच्या गणपतीला नवसाचं उलटं स्वस्तिक काढून झालं. एकदा सराफ्यात ह्यांच्यासारखीच पाठ दिसली म्हणून कुमुदिनी गर्दीतून धावत सुटली, आणि वळून बघणारा माणूस भलताच निघाला. हे सगळं एक वेळ चालून गेलं असतं. खरा त्रास सुरू झाला तो कुत्र्याचा.

दिवेलागणीला बदली उठायचा. कान टवकारायचा, शेपूट हलवायचा, आणि उंबऱ्यावरून बाजूला सरायचा, कुणाला तरी आत यायला वाट द्यावी तसा. मग दारापासून खाटेपर्यंत त्याची नजर कुणाच्या तरी मागोमाग जायची. ते कुणीतरी खाटेवर टेकलं असं त्याला वाटलं की तो खाटेखाली जाऊन निवांत पडायचा. कुमुदिनी आधी घाबरली. पुढे तिला सवय झाली, आणि सवय झाली हेच वाईट झालं. भाजी निवडत दारात बसलेली असली की कुत्रा उठताच तीही पाय आखडून घ्यायला लागली. कधी कधी तिला खोकलाही ऐकू यायचा. कापसाची भुकटी छातीत बसलेल्या माणसाचा खोकला ओळखू येतो, तो शेजाऱ्याचा म्हणून सोडून देता येत नाही.

चाळीतली खोली सोडून मायलेकी स्नेहलतागंजात राहायला आल्या, तेव्हा तिने मनाशी म्हटलं, चला, इथला पत्ता ह्यांना ठाऊक नाही. आठवडाही गेला नसेल, एका संध्याकाळी बदली नव्या उंबऱ्यावरून उठला आणि बाजूला सरला. कुमुदिनीने पाय आखडून घेतले, आणि खोटं कशाला बोला, तिला जरा बरंही वाटलं.

मंजिरी कुरियरच्या ऑफिसात लागली होती. तिला उज्जैनचं स्थळ आलं. मुलाकडच्यांना तिने परस्पर सांगून टाकलं की वडील वारले. निघून गेले म्हटलं की लोक पुढचं विचारतात, वारले म्हटलं की गप्प बसतात. पण वारले म्हटलं म्हणजे आईच्या कपाळावर कुंकू नको. मंडळी पाहायला येणार त्या दुपारी कुमुदिनीने आरशात न बघताच कुंकू पुसलं आणि पोह्यांच्या बश्या भरायला घेतल्या. बोलणी छान रंगली. मंडळी चांगली होती, उठायला उशीर झाला, आणि दिवे लागायच्या सुमाराला बदली उठला. त्याने शेपूट हलवलं आणि तो वाट देऊन बाजूला सरला.

"कोण आलं हो?" मुलाच्या आईने विचारलं.

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. पडदासुद्धा हलला नव्हता. आणि कुमुदिनी, काही कळायच्या आत, उठून, आलेल्या माणसासाठी पाण्याचा तांब्या भरायला गेली होती.

मंडळी गेल्यावर तिने पहिलं काम केलं ते कुंकू लावायचं. मंजिरी तिच्याकडे बघत राहिली आणि मग रडायलाच लागली. "तू एकदा ठरव ना आई, बाबा आहेत की नाहीत ते. लग्नाच्या मांडवात काय करशील? तो कुत्रा देऊन टाक. तो गेला तरच हे थांबेल."

पोरीचं चुकत नव्हतं. कुमुदिनीलाही कळत होतं की कुत्रा आहे तोवर वाट बघणारी दोघं आहेत, आणि एकटीने वाट बघत राहायचं बळ आपल्यात नाही. कुत्रा दिला की मंजिरीचे बाबा गेले असं आपल्याच तोंडाने मान्य केलं. मग पुसलेलं कुंकू पुन्हा लावता येणार नव्हतं.

मनोरमाताईंची मुक्या जनावरांची संस्था होती. रस्त्यावरची, टाकून दिलेली कुत्री त्या सांभाळत आणि वर्षातून एकदा सगळ्यांना घेऊन सहलीला जात. त्या दिवशी चांगली माणसं येऊन कुत्री पसंत करत आणि घरी नेत. ह्या वर्षीची सहल मानपुरजवळ एका शेठच्या आंब्याच्या बागेत होती. सकाळी मॅटाडोर निघाली. आत कुत्री, माणसं, पाण्याच्या बादल्या आणि एक हार्मोनियम, जी कशासाठी घेतली होती ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. महू मागे पडेपर्यंत दोन कुत्र्यांचं भांडण होऊन समेट झाला होता आणि तिसरं मनोरमाताईंच्या शालीवर ओकलं होतं. गाडी चालवणारा गोपीनाथ हसून हसून दमला. तोही पूर्वी मिलमध्येच होता. बदली मात्र कुमुदिनीच्या पायाशी गप्प बसला होता, जणू त्याला विचारूनच सगळं ठरलं होतं.

बागेत पताका लावल्या होत्या. एका टोकाला गोवऱ्यांच्या आरात कणकेचे बाफले भाजायचं काम चाललं होतं, त्याचा धूर झाडांखाली भरून राहिला होता. कुत्री एकमेकांचे वास घेत हिंडत होती आणि माणसं एकमेकांच्या साड्या बघत. शर्वरी नावाची एक मुलगी बदलीजवळ येऊन बसली ती उठेचना. पुण्याची होती, पीथमपुरच्या एका नव्या कंपनीत कॉम्प्युटरवर कामाला होती.

"बदली? किती मस्त नाव! मी पण इथे बदलीवरच आलेय की," ती म्हणाली.

"तशी बदली नाही हो ती," कुमुदिनी म्हणाली आणि पुढे सांगायचा तिला कंटाळा आला. मुलगी गोड होती. कुत्र्याच्या कानामागे खाजवत होती आणि तोही खाजवू देत होता. इतकं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं.

जेवणाआधी प्रत्येक कुत्र्याला नावाने पुकारून सगळ्यांसमोर एक फेरी मारून आणायची, असा कार्यक्रम होता. मनोरमाताई माइक धरून उभ्या होत्या. "और अब आ रही है हमारी बड़ी प्यारी, बादलों जैसी, शर्मीली..." एवढं म्हणेपर्यंत भोंगा किंचाळायला लागला. कुणीतरी तार ओढली, ताईंनी माइक दोनदा ठोकला आणि वैतागून पूर्ण ताकदीनिशी ओरडल्या, "बदली!"

तो आवाज ताईंचा वाटलाच नाही. पत्र्याच्या भोंग्यातून आला, कोरडा, चिडका, मिलच्या फाटकातून यायचा तसाच.

मॅटाडोरच्या पायरीवर बिडी ओढत बसलेला गोपीनाथ उठून उभा राहिला आणि त्याचा हात वर गेला. पताकांची दोरी बांधणारा एक म्हातारा दोरी सोडून पुढे आला, त्याचाही हात वर. आणि तिकडे धुरात, बाफल्यांच्या परातीशी, गमछा बांधलेला एक माणूस ताठ उभा राहिला. पीठ लागलेला हात त्याने उंच धरला होता, कोपर कानाशी, बोटं मोकळी.

मिल बंद होऊन किती वर्षं झाली, पण त्यांच्या अंगातून ती हाक गेली नव्हती. गोपीनाथ आणि तो म्हातारा एकमेकांकडे बघून ओशाळले, मग मोठ्याने हसले. "अरे यार, मी समजलो कामच निघालं!" गोपीनाथ म्हणाला. बाकीच्यांना काय विनोद झाला ते कळलं नाही, पण तेही हसले. धुरातला माणूस हसला नाही. त्याचा हात वरच राहिला होता.

कुमुदिनीने तोंड पाहिलं नव्हतं, पण तो हात तिने ओळखला. पहिल्यांदा तिला वाटलं, नेहमीचंच हे, संध्याकाळी होतं ते आज दुपारी होतंय. तिने सवयीने पाय आखडूनही घेतले. पण ह्या वेळी कुत्रा बाजूला सरला नाही. शर्वरीच्या हातातला पट्टा सुटला आणि बदली चालत निघाला. धावला नाही, भुंकला नाही. धुरात शिरून त्याने त्या माणसाच्या पायजम्याचा वास घेतला आणि त्याच्या पायावर डोकं ठेवून तो आडवा झाला. कुत्र्याच्या घशातून असा आवाज येत होता की ऐकवेना.

शर्वरी हसत मागोमाग गेली. "अय्या, हा तर तुमचाच दिसतोय! काका, तुमचा आहे का हा?"

माणसाने हात खाली घेतला. "नाही ताई, आपला नाही," तो म्हणाला. "पिठाचा वास लागला असेल त्याला."

आवाजही तोच होता. कुमुदिनी उठून तिकडे चालत गेली, आणि चालता चालता तिला उमगलं की सकाळपासून ह्या माणसाची आपल्याला फक्त पाठच दिसली होती. त्याने तिला गाडीतून उतरतानाच पाहिलं असणार. दाढी पांढरी झाली होती, गाल आत गेले होते. शर्वरी मनोरमाताईंना बोलवायला पळाली आणि दोघं परातीच्या दोन बाजूंना राहिली.

"मंजिरी बरी आहे?" त्यांनी विचारलं. ते खाली बसले होते आणि पिठाकडे बघत होते.

"लग्न ठरलंय तिचं. फाल्गुनात."

"माझं काय सांगितलंस?"

"वारले म्हणून सांगितलंय."

त्यांनी एक गोळा वळला, चपटा केला, बाजूला ठेवला. "बरं केलंस. तसंच राहू दे."

"तुम्ही इतक्या जवळ होतात?"

"इथल्या ढाब्यावर असतो. रोज ठरवायचो, काहीतरी धड मिळालं की जाऊ. मग वाटायला लागलं, आता कोणत्या तोंडाने जाऊ." ते खोकले. कुमुदिनीने तो खोकला ऐकला. घरी ऐकू यायचा तो हा नव्हता. घरचा खोकला तरण्या माणसाचा होता, भरल्या छातीचा. हा म्हाताऱ्याचा होता.

तिला अतोनात राग आला. बसने दीड-दोन तासांवर हा माणूस पीठ मळत बसला होता आणि आपण तिकडे ह्याला वाट द्यायला पाय आखडून घेत होतो. आणि त्याच रागात, त्यांच्या बाहीला लागलेलं पीठ झटकावं असंही तिला वाटलं. तिने दोन्ही हात पदरात धरून ठेवले.

"मग संध्याकाळी घरी कोण येत होतं?" तिने विचारलं.

"म्हणजे? कोण येत होतं?"

त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच काही नव्हतं. त्यांना काही ठाऊक नव्हतं. कुमुदिनी त्यांच्याकडे बघत राहिली आणि तिला हळूहळू कळलं की ज्याच्यासाठी तिने तांब्या भरला, ज्याच्यासाठी कुंकू लावलं, तो ह्या माणसाच्या जागी रोज न चुकता येत होता. संसार त्याने केला होता. तो आता पुन्हा येणार नाही, हेही तिला त्याच क्षणी कळलं, कारण त्याला ओळखणारा कुत्रा इथे दुसऱ्याच्या पायावर डोकं ठेवून पडला होता. इतक्या वर्षांत तिला रडू आलं नव्हतं ते आत्ता दाटून आलं, आणि ते ह्या समोर बसलेल्यासाठी नव्हतं.

"काही नाही," ती म्हणाली. "खोकल्याचं औषध घेत जा."

ती वळली आणि झाडांखालून मॅटाडोरकडे गेली. जेवणाची ताटं मांडली जात होती, मनोरमाताई कुणाला तरी तूप वाढायला सांगत होत्या. शर्वरी तिच्यामागे धापा टाकत आली.

"मावशी, अहो तो हलतच नाहीये तिथून. पट्टा ओढला तर गुरगुरला माझ्यावर. मनोरमाताई म्हणतात, मग त्या काकांनाच देऊन टाकू या. ते आधी नको म्हणाले, आता काही बोलतच नाहीत, नुसते त्याच्या अंगावर हात ठेवून बसलेत. पण अनोळखी माणसाला कुत्रा द्यायचा नाही असा संस्थेचा नियम आहे. कुणीतरी ओळख द्यायला लागते. तुम्ही बोलत होतात ना त्यांच्याशी? कोण आहेत ते?"

लग्न झाल्यापासून कुमुदिनीने ते नाव उखाण्याशिवाय कधी तोंडातून काढलं नव्हतं. पोलीस चौकीतसुद्धा साहेबाने विचारल्यावर तिने मान खाली घातली होती आणि मंजिरीने सांगितलं होतं.

"अरविंद," ती म्हणाली. "अरविंद पिंगळे. आमच्या मिलमध्ये बदलीवर होता."

"हां, म्हणजे माहितीतले आहेत. बरं झालं." शर्वरीला हायसं वाटलेलं दिसलं, आणि थोडं वाईटही; कुत्रा तिच्या मनात भरला होता. "आणि माणूस म्हणून कसा आहे? नीट सांभाळेल ना त्याला?"

गोपीनाथने मॅटाडोरचं दार उघडून दिलं. कुमुदिनीने पायरीवर पाय ठेवला.

"चांगला होता," ती म्हणाली.